कसोटीवर घासलेलं कार्ड

आमच्या घरात झाडलेलं काहीच बाहेर टाकायचं नसे. हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या कुठल्याही घरात हाच रिवाज. सोपा, म्हणजे पुढची खोली, झाडला की केर एका डब्यात, पायपुसणं झटकलं की तेही त्याच डब्यात, आणि कामावरून उठताना हात धुवायचे ते दाराशी ठेवलेल्या घमेल्यात, म्हणजे बोटांना चिकटलेली चांदी तळाशी बसते. वर्षातून एकदा तो सगळा गाळ आटणीवाल्याकडे जायचा आणि त्यातून चांदी निघायची. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या जगात असंच असतं. कॉलेजला कोल्हापूरला जायला लागले आणि मैत्रिणीच्या आईनं केर सरळ रस्त्यावर टाकलेला पाहिला, तेव्हा माझ्या तोंडून 'अगंबाई' निघून गेलं होतं. आजही माझ्या घरची बाई झाडायला लागली की मी केराकडे एकदा बघून घेते. लेक हसते, हसू दे.

सोप्यात दाराजवळच्या उजेडात अण्णा, म्हणजे माझे वडील, बसायचे. पैंजणावर जी नक्षी उठते तिचे पोलादी ठसे ते कोरत. आधी पातळ कागदावर पेन्सिलीनं नक्षी, मग लहानशा छिन्नीनं तीच नक्षी पोलादात. टिक टिक टिक असा तो आवाज सकाळपासून चालू असे. आतल्या खोलीत आई आणि शेजारच्या दोघी-तिघी बायका पैंजणांना घुंगरू लावत, त्यांच्या गप्पा अण्णांच्या हातोडीच्या वरताण. मागच्या पडवीत चुलीवर एकीकडे रिठे उकळत, पैंजण धुवायला, आणि दुसरीकडे मुगाची आमटी. दोन्ही वास एकमेकांत मिसळलेले असत. सासरी येऊन इतकी वर्षं झाली तरी मुगाच्या आमटीला काहीतरी कमी आहे असं मला वाटत राहतं, आणि ते काय हे मी इथल्या कुणाला सांगू शकत नाही.

अण्णांचे डोळे जायला लागले हे आधी मला कळलं. मी जन्माची घाबरट. कुणी शिंकलं तरी मला हॉस्पिटल दिसतं, त्यामुळे घरात माझ्या काळजीला कुणी फारशी किंमत देत नसे. पण माझ्याशी बोलताना अण्णा माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या कानाकडे बघतात, हे माझ्या लक्षात आलं. मी कानात नवीन काही घातलंय का म्हणून बघतायत, असं आधी वाटलं. मग दिसलं की ते आईशी बोलतानाही तसंच करतात, भाकरीकडेही तसंच, जरा बाजूला बघून हात घालतात. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर मधोमध जाते आहे, कडेची राहील. वस्तू मोठी करून बघितली तर बरंच काम चालेल. येताना बसमध्ये आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ह्यातला चकार शब्द गावात जाता कामा नये. ठशावाल्याला दिसंना म्हटल्यावर कोण काम देतंय?" तिचं बरोबर होतं. अण्णांच्या मोराला आमच्या भागात नाव होतं. पिसारा मिटलेला, मान मागं वळवलेला मोर. उत्तरेकडचे एक शेठ दर वर्षी दिवाळीच्या आधी यायचे, अण्णांसमोर मांडी घालून बसायचे आणि नव्या नक्ष्या बघून सगळ्या वर्षाचं काम ठरवून जायचे. त्या वर्षी ते सोमवारी येणार होते, आणि मी महिनाभर आधीपासूनच दिवस मोजत होते.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो वारणानगरच्या मामाकडून. त्याच्या मुलानं नवीन घेतला म्हणून जुना आमच्याकडे. सोप्याच्या कोपऱ्यात टेबलावर ठेवलेला, वरून आईच्या जुन्या साडीचं झाकण. मी कोल्हापुरात क्लासला जाऊन त्याच्यावर चित्र काढायला शिकले होते. शिकवायचे ते सिद्धार्थ सर. माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते, पण सर म्हणजे सर. कॉम्प्युटर दुरुस्तही करायचे. त्यांनीच क्लासमध्ये अण्णांच्या मोराचा कागद स्कॅन करून दिला होता. घरी येऊन मी तो पडद्यावर उघडला, अण्णांना खुर्चीवर बसवलं. अण्णांनी नाक काचेला टेकवलं, इकडं मान, तिकडं मान, आणि म्हणाले, "बरं हाय की." अण्णा बरं हाय म्हणाले की समजायचं काही खरं नाही. त्यांना चांगलं वाटलं तर ते चुका काढायचे.

मॉनिटर छोटा होता, हे माझ्या डोक्यानं घेतलं. डॉक्टर म्हणाले होते मोठं करा. मग घरात सगळ्यात मोठं काय? टीव्ही. बाराबलुत्यांसकट सगळी गल्ली ज्याच्यावर क्रिकेट बघायला जमायची तो आमचा दांडगा टीव्ही. कॉम्प्युटर त्याला जोडता येईल का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "येतंय की. पण तुमच्या मशिनातनं टीव्हीला वायर काढायला तोंडच न्हाय. नवीन ग्राफिक्स कार्ड बसवाय लागंल. जुना बोर्ड हाय, घेईल का न्हाय ते बसवल्यावरच कळायचं." त्या 'बसवल्यावरच कळायचं' नं माझी झोप उडवली. राजारामपुरीत एक गेम खेळायचं दुकान बंद होत होतं, तिथलं एक कार्ड सरांनी मिळवलं. शनिवारी दुपारी ते हुपरीला कुणाचातरी प्रिंटर दुरुस्त करायला आले होते, तेव्हा ते द्यायला आमच्या घरी आले. बस गाठायची घाई होती. "उद्या सकाळी येतो बसवायला," असं म्हणून त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड अण्णांच्या हातात दिलं. आणि जाता जाता दारातून म्हणाले, "खालच्या दातांना तेवढा हात लावू नका. सोन्याचा मुलामा असतोय त्याला."

हे ते आमच्या घरात म्हणाले. चांदीकाम करणाऱ्या घरात, पिढ्यान् पिढ्या ज्यांनी धातू हातात आला की तो खरा की खोटा हे बघितल्याशिवाय खाली ठेवला नाही, त्यांच्यातल्या माणसाला ते म्हणाले की ह्याला सोनं आहे, हात लावू नका. मी त्या वेळी पाणी भरायला मागं गेले होते. नाहीतर मी नक्की काहीतरी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

रविवारी सर आले. आईनं दपाटी केली होती, दह्याबरोबर खाल्ल्याशिवाय तिनं त्यांना कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. अण्णा आपल्या जागी बसले होते, पण हातोडी बंद होती. सरांनी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला आणि आत बघून म्हणाले, "आई गं." आत राखाडी लव साचली होती, पंख्यावर, वायरींवर, सगळीकडे. त्यांनी गाल फुगवून फुंकर मारायला तोंड पुढं केलं आणि आई आतून ओरडली, "फुकू नगासा! चांदी हाय ती!" सर दचकून मागं सरले. आई पेपर घेऊन धावत आली, तो कॅबिनेटखाली अंथरला, आणि ठशावरची धूळ काढायचा मऊ ब्रश सरांच्या हातात दिला. "ह्येच्यानं काढा. एक कण खाली जाऊ देऊ नका." सर म्हणाले, "काकू, ह्या चांदीनंच मशिन मधनंच बंद पडतंय तुमचं. वीज इकडनं तिकडं जाती." आई म्हणाली, "मग काढा की, कोण नको म्हणतंय? पेपरावर काढा." मग पुढचा पाऊण तास एक कॉम्प्युटरचा मास्तर आमच्या सोप्यात मांडी घालून ब्रशनं चांदी झाडत बसला होता. बायका घुंगरू लावायचं सोडून दारात उभ्या होत्या. मला हसू यायला हवं होतं, पण माझं लक्ष त्या खिडकीतून सरकत चाललेल्या उन्हाकडे होतं. दुपारी वीज जायची आमच्याकडे, आणि एकदा गेली की परत कधी येईल ते कुणाच्या हातात नसे.

धूळ निघाली. सरांनी आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला, अंगातली वीज उतरायला, आणि मलाही लावायला सांगितला. बोर्डावर एक रिकामी तपकिरी खाच होती, तिच्यात कार्ड धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कट असा आवाज आला. मला वाटलं मोडलं. "बसलं," सर म्हणाले. मागं स्क्रू आवळला, मॉनिटरची वायर नव्या कार्डाला लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. आणि आतून आवाज आला, एक लांब, दोन आखूड. थांबून परत तेच. कुणीतरी आतून दार वाजवतंय आणि आपल्याला ते उघडता येत नाही, असं मला झालं.

"कार्ड घेत न्हाय," सर म्हणाले. बंद करून त्यांनी ते काढलं, परत बसवलं. परत तोच आवाज. तोवर अण्णा त्यांच्या जागेवरून म्हणाले, "सारखंच वाजतंय की मास्तर. एकाच ठिकाणी अडतंय." सरांनी कार्ड पुन्हा काढून दाराशी उजेडात नेलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे कुणी घासलंय?" असं म्हणून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. खालच्या कडेला जे बारीक सोनेरी दात असतात त्यांच्यावर काळा तेलकट थर होता, आणि एका टोकाच्या दोन दातांवरचं सोनं जाऊन खालचं तांबं दिसत होतं. मी आईकडे बघितलं, आईनं दारातल्या बायकांकडे.

"मी घासलंय," अण्णा म्हणाले. अगदी साधं, चहा घेतलाय म्हणावं तसं. "कसोटीवर लावून बघितलं. सोनं हाय म्हणालासा न्हवं?"

सरांनी कार्डाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. मग म्हणाले, "अण्णा, ह्येला कशाला कस लावताय? ह्ये काय दागिना हाय?"

"सोनं म्हटल्यावर बघाय नको? उद्या कुणी तुमाला फसवलं तर?" अण्णा म्हणाले, आणि दारातल्या बायका खळाळून हसल्या. सरही हसले. त्यात काय, हसण्यासारखंच होतं ते. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मला मात्र हसू येईना. अण्णा चांदी-सोनं ओळखायला कसोटीचा दगड क्वचितच काढायचे. वस्तू उजेडात धरून एकदा बघायचे आणि सांगायचे. लोक त्यांच्याकडे ह्याच्यासाठी यायचे. दगड काढला म्हणजे बघून कळलं नाही.

सरांनी खोडरबर मागितला. तो शोधायला मी अण्णांच्या हत्यारांच्या पेटीपाशी गेले आणि तिथे तो काळा दगड तसाच पडला होता. कसोटीवर रेघ एकच मारायची असते, एक इकडे, फार तर शेजारी दुसरी, मिळवून बघायला. त्या दगडावर रेघांचा गुंताडा झाला होता. एकीवर एक, तिच्यावर आडवी, परत तेल लावून परत. किती वेळ बसले असतील ते हे करत? रेघ उठलीच नाही असं वाटून पुन्हा घासायचं, पुन्हा डोळ्यांजवळ न्यायचं, मान तिरपी करायची, आणि पुन्हा घासायचं. मी दगड साडीच्या तुकड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला. खोडरबर घेऊन परत येताना मी मनाशी घोकत होते की मोठ्या टीव्हीवर दिसेल, डॉक्टर म्हणालेत, मोठं केलं की दिसेल. देवाला इतक्या मनापासून मी परीक्षेच्या वेळीही सांगितलं नव्हतं.

सरांनी ते दात खोडरबरानं एकेक करून घासले, मग फडक्याला स्पिरिट लावून पुसले. "तांबं हाय खाली, चालंल बहुतेक," म्हणाले. बहुतेक! परत कार्ड खाचेत गेलं, परत तो कट आवाज. बटण दाबलं. एकच आखूड आवाज आला, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर सीडीवरून काय काय भरायचं होतं, मशीन तीनदा बंद-चालू करायचं होतं, त्यातच दुपारी वीज गेली. ती परत आली तेव्हा ऊन सोप्यातून निघून गेलं होतं, बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. सरांनी टीव्ही टेबलाजवळ ओढला, कार्डामागून निघालेली पिवळी वायर टीव्हीला लावली, चॅनेल बदलत गेले, आणि मुंग्यांच्या गर्दीतून एकदम आमचा कॉम्प्युटर टीव्हीवर उभा राहिला. "घ्या, झालं," म्हणून त्यांनी पिशवी उचलली. त्यांची शेवटची बस होती. आईनं त्यांना शेंगदाण्याच्या चटणीची पुडी बांधून दिली आणि ते गेले.

आता घरात आम्ही तिघंच. मी मोराची फाइल उघडायला गेले, पण ती फार मोठी होती, नुसतं वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. अण्णा टीव्हीसमोर खुर्ची घेऊन बसले होते, मांडीवर हात, शाळेच्या फोटोला बसल्यासारखे ताठ. त्यांना ताटकळत कसं ठेवायचं म्हणून मी ती बंद केली आणि हाताशी होतं ते माझं स्वतःचं एक चित्र उघडलं. कोयरी होती. मी दिवाळीला म्हणून काढली होती आणि कुणाला दाखवायचं धाडस झालं नव्हतं. ती टीव्हीभर पसरली, परातीएवढी. लांबून, चुलीपाशी बसलेल्या आईलाही दिसली असती.

अण्णा बराच वेळ बघत होते. मान एकीकडे, मग दुसरीकडे. मग त्यांचा चेहरा हसरा झाला.

"झकास आलाय," ते म्हणाले. "मान कशी वळलीय बघ. पिसाऱ्याचं एक न् एक पीस मोजून घ्यावं. शेठ खूश होतंय उद्या."

मी काही बोलले नाही. माझ्यामागे आई येऊन उभी राहिली होती हे मला तिच्या बांगड्यांवरून कळलं, आणि तीही काही बोलली नाही. टीव्हीचा बारीक गुणगुण आवाज येत होता. अण्णांना आमचं गप्प बसणं ऐकू आलं. कान त्यांचे शेवटपर्यंत तिखट होते. ते उठले, टीव्हीजवळ गेले, आणि काचेवर उजव्या हाताची बोटं ठेवली. ज्या बोटांना पोलादातली केसाएवढी रेघ कळायची ती बोटं त्यांनी काचेवरून हळूहळू वरून खाली फिरवली. काचेवर वीज साचलेली असते, तिचा तडतड आवाज झाला. बोटांना काहीच लागलं नसणार. गुळगुळीत काच होती ती.

"मोर न्हाय व्हय हा?" त्यांनी विचारलं.

"कोयरी हाय, अण्णा."

"कुणाची?"

"माझी. मीच काढलीया."

ते पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. "टोकापास्नं सांग," म्हणाले. "काय काय हाय ते सगळं सांग." मी सांगायला लागले. टोक किती वळलंय, आत वेल कशी फिरलीय, पानं कुठं जोडलीयत, घुंगरासाठी कडी कुठं धरलीय. मध्येच मला हुंदका आला, तेव्हा ते म्हणाले, "रडू नगं, कळंना मला तू काय म्हणत्यास ते." मी परत पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचं बोट हळूहळू, मी सांगेन तसं फिरत होतं. मी थांबले तसं तेही थांबलं.

"टोक लई आत घेतलंयस," ते म्हणाले. "चांदी तिथं चिरंल. जरा सैल सोड." आणि मग, आईकडे तोंड करून, म्हणजे आईच्या खांद्याच्या जरा पलीकडे बघत, म्हणाले, "उद्या शेठ आलं की हिला बसव माझ्या जागंवर. मी शेजारी बसतो. नक्षी लेकीची हाय म्हणून सांगायचं, माझी न्हाय."

आता सासरी बसून पैंजणांच्या नक्ष्या मीच काढते, आणि लोक म्हणतात तुम्ही हुपरीत नाव काढलंत, वडिलांची गादी चालवलीत. सगळे ही गोष्ट मोठ्या कौतुकानं ऐकतात. मी मान हलवते. त्या संध्याकाळी मला आनंद वगैरे काही झाला नव्हता. अण्णांनी अजून थोडे दिवस तरी मोर दिसतोय म्हणायला हवं होतं, एवढंच मला वाटत होतं, आणि मी टीव्ही बंद करायचं बटण अंधारात चाचपडत शोधत होते.